स्वप्नाचा प्रत्यय

दुपारची झोप शरयू किल्लेदारांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती. शिकवणं, भाषांतरं, विद्यार्थ्यांचे प्रबंध यांत दुपार कधी आली आणि कधी सरली हे कळायचंच नाही. आता साठी उलटल्यावर मात्र जेवण झालं की नूतन त्यांना झोपायला घेऊन जात असे. ही झोप हेच आता त्यांचं काम होतं.

पुण्याच्या संशोधन संस्थेतली ती खोली साधी होती. एक खाट, फिकट निळे पडदे आणि खिडकीबाहेर टेकडीचा उतार. नूतन तांडेल त्यांच्या कपाळाभोवती मऊ पट्टी बांधायची, पाण्यासारखं दिसणारं औषध प्यायला द्यायची आणि हळूच विचारायची, "बाई, आज काय ऐकवू? गाणी की गप्पा?"

"गप्पा. दोघी बहिणींचं कोंबडीवरून भांडण आहे ना, ते लाव."

नूतन हसायची. ती कधीकाळी शरयूबाईंच्या वर्गात भाषाविज्ञान शिकायला बसली होती, मग मेंदूच्या अभ्यासाकडे वळली. पण बाईंना बाई म्हणणं काही सुटलं नव्हतं.

शरयूबाईंना नऊ भाषा येत. त्यांतल्या सहांमधून त्यांनी मराठीत पुस्तकं आणली होती. पण गेल्या काही वर्षांत कानात घालायचे दुभाषे आले, चण्याएवढे. समोरचा कुठल्याही भाषेत बोलला तरी कानात आपली भाषा ऐकू यायची. लोकांनी भाषा शिकणं सोडून दिलं. बाईंचा विभाग आधी रोडावला, मग बंद झाला. शेवटच्या तासाला वर्गात दोनच मुली होत्या, आणि त्यांच्याही कानांत दुभाषे होते.

दुभाष्याला येत नव्हती अशी एक भाषा बाईंना ठाऊक होती. निरवी. सातपुड्यातल्या आमझिरी गावात मध गोळा करणाऱ्या काही घरांची ही भाषा. यंत्राला भाषा शिकवायची तर कोट्यवधी वाक्यं लागतात. निरवीची होती ती फक्त बाईंनी तरुणपणी तिथे राहून केलेली ध्वनिमुद्रणं. सुकाय आणि बुधाय या दोन बहिणींच्या गप्पा, गाणी, भांडणं. त्यावर बाईंनी व्याकरण लिहिलं, नाव मिळवलं, पण निरवी त्यांना बोलता कधी आली नाही. पुढे बुधाय वारली. सुकाय उरली. तिच्या नातवाच्या घरात सगळे मराठी आणि हिंदी बोलत. आपली भाषा ती फक्त कोंबड्यांशी बोलायची.

"यंत्राला कोट्यवधी वाक्यं लागतात," नूतन एकदा म्हणाली होती, "पण तान्ह्या मुलाला लागत नाहीत, बाई. आईजवळ दोन-तीन वर्षं पडून राहिलं की त्याला भाषा येते."

तिचं सगळं संशोधन या एका वाक्यात होतं. गाढ झोपेत मेंदू स्वस्थ पडलेला नसतो. दिवसभरातलं तो पुन्हा पुन्हा घोळवतो, ठेवण्यासारखं ठेवतो, बाकीचं सोडून देतो. तेव्हा त्याच्यात संथ लाटा उठत असतात. लाट चढावर असताना कानावर पडलेला आवाज खोल रुजतो, उतारावर पडलेला वाया जातो. नूतनची पट्टी प्रत्येक लाटेची चाहूल आधीच घ्यायची आणि शब्द नेमका चढावर सोडायची. औषधाने मेंदू तेवढ्या वेळापुरता तान्ह्या मुलाच्या मेंदूसारखा मऊ व्हायचा. मग व्याकरण पाठ करावं लागत नसे. ते आतल्या आत उगवत असे. तीन टप्प्यांत भाषा पक्की होईल असा नूतनचा हिशेब होता.

पहिल्या टप्प्याच्या अखेरीस बाईंना निरवीत स्वप्नं पडू लागली. त्यांत गोष्ट अशी नसायची. झाडं असायची, धूर असायचा, पानांवरून ओघळणारा मध असायचा आणि सगळीकडून कोणीतरी बोलत असायचं. जाग आल्यावर बाई डोळे न उघडता पडून राहायच्या. तोंडात शब्दांची चव असायची.

*

दुसरा टप्पा निम्मा झाला तेव्हा त्या आमझिरीला गेल्या. सुकाय अंगणात चारोळ्या फोडत बसली होती. तिने मान वर केली, ओळखीचं हसली आणि मराठीत म्हणाली, "आली का बाई. म्हातारी झालीस."

बाई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि निरवीत म्हणाल्या, "तूही काही तरुण राहिली नाहीस."

सुकायच्या हातातला दगड थांबला. तिने आधी मागे वळून पाहिलं, दारात कोणी आहे का ते. मग ती बाईंच्या ओठांकडे बघत राहिली.

"परत बोल," ती निरवीतच म्हणाली.

बाई बोलत राहिल्या. प्रवासाचं, उन्हाचं, वाटेत तुटलेल्या पुलाचं. बोलता बोलता बाई म्हणाल्या, "परवा तुझी बहीण माझ्याकडे आली होती. डोक्यावर मोळी होती. बस म्हटलं तर बसली नाही."

सुकायने एकदम त्यांचं मनगट धरलं. "हे तुला कोणी शिकवलं?"

"काय?"

"हुरेऊ म्हणालीस. आली होती, हुरेऊ. असं कोण बोललं तुझ्याशी?"

बाई गोंधळल्या. निरवीत क्रियापदाला दोन शेवट लागतात, हे त्यांनीच जगाला सांगितलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर हुरेत, कोणाकडून ऐकलेलं असेल तर हुरेन. तिसरा शेवट त्यांच्या व्याकरणात नव्हता. आपण तो वापरला हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"आमची आई सकाळी चूल पेटवताना विचारायची," सुकाय म्हणाली. "काय काय पाहिलंस झोपेत? मग आम्ही सांगायचो. ते सांगायची बोली निराळी. झोपेत पाहिलेलं खरं नसतं, पण सांगणारा खोटंही बोलत नसतो. म्हणून त्याला निराळा शेवट. बुधाय गेल्यावर मला कोणी विचारलं नाही. मीही विसरले होते."

पुण्याला परतल्यावर बाईंनी जुनी मुद्रणं काढून ऐकली. एका अंगाईत तो शेवट होता, पुन्हा पुन्हा. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी तो गाण्यातला आलाप समजून सोडून दिला होता. जागेपणी त्यांना जे ऐकू आलं नव्हतं ते झोपेतल्या मेंदूने उचललं होतं आणि योग्य जागी वापरलंही होतं. पण हा शोध लागायच्या आधी, त्या दिवशी अंगणात, निराळंच काही घडलं होतं. सुकायने चारोळ्यांचं सूप बाजूला सारलं, पाय पसरले आणि ती आपली स्वप्नं सांगू लागली. इतक्या वर्षांची साठलेली. ऊन कलून अंगणाबाहेर गेलं तरी ती सांगतच होती.

*

त्यानंतरच्या एका दुपारी बाईंच्या स्वप्नात त्यांची आई आली.

धारवाडच्या घराचं परसदार होतं. चटईवर लाल मिरच्या वाळत होत्या आणि आई, त्यांची अव्वा, वाकून त्या पालथ्या करत होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "शरू, उन्हात उभी राहू नको, आत ये." आवाज तिचाच होता. त्यात काही चूक नव्हती.

बाई आनंदाने जाग्या झाल्या. अव्वाला जाऊन किती वर्षं झाली होती. पट्टी सोडणाऱ्या नूतनला त्या सांगू लागल्या, "अगं, आज अव्वा दिसली. मला म्हणाली..." आणि तिथेच थांबल्या. अव्वा जे म्हणाली होती ते निरवीत होतं.

अव्वाला निरवी कुठून येणार? ती कानडी. आयुष्यभर मुलांशी कानडीतच बोलली. मराठी वडील लवकर गेल्यावर त्या घरात दुसरी भाषा उरलीच नव्हती. बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात कानडीत म्हणायचा प्रयत्न केला. वाक्याची चाल आली. शब्द आले नाहीत.

रविवारी नेहमीप्रमाणे धारवाडहून थोरल्या भावाचा फोन आला. प्रल्हादअण्णांनी जन्मभर छापखाना चालवला होता, आता तो बंद करून घरी बसले होते. "ऊट आतेनु?" ते म्हणाले. जेवलीस का, एवढाच प्रश्न, दर रविवारचा. बाईंना तो कळला. पुढचं मात्र बंद दाराआडच्या बोलण्यासारखं ऐकू येत राहिलं. सूर ओळखीचा, मायाही ओळखीची, अर्थ मात्र येईना. त्यांनी मराठीतून काहीतरी उत्तर दिलं.

"माझ्याशी मराठीत का बोलतेस, शरू?" अण्णांनी या वेळी मराठीत विचारलं. "मी कोणी परका आहे का?"

*

नूतनने सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या. निकाल सांगताना ती बाईंच्या खाटेच्या कडेला बसली.

"चूक माझी आहे, बाई. मला वाटलं होतं, नवी भाषा आली की कमी वापरातली एखादी थोडी पुसट होईल. पोर्तुगीज म्हणा, नाहीतर बंगाली. पण त्या तुम्ही मोठेपणी शिकलात, त्या मेंदूत वेगळ्या जागी आहेत. निरवी आपण तान्ह्या मुलासारखी शिकवली. तर ती तान्हेपणच्या भाषेच्या जागी जाऊन बसते आहे."

"आणि तिथे कानडी होती."

"मराठी रोज वापरता म्हणून टिकून आहे. कानडी आठवड्यातून एकदा." नूतनने त्यांचा हात हातात घेतला. "इथे थांबलो तर अण्णांशी बोलत राहा, काही महिन्यांत कानडी परत वर येईल. पण निरवी पक्की झालेली नाही. ती जाईल. तिसरा टप्पा केला तर निरवी राहील, आणि कानडी बहुतेक पूर्ण जाईल. मी थांबा म्हणेन."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं की भाषा मरते तेव्हा एक सबंध जग जातं. भाषणांत ते वाक्य नेहमी टाळ्या घेऊन जायचं. ते जग आपल्याच डोक्यातून जाऊ शकतं असा विचार तेव्हा कधी आला नव्हता.

त्यांनी फोनवर अण्णांना सगळं सांगितलं. कानात दुभाष्या घातला होता, म्हणजे अण्णा कानडीत बोलले तरी कळावं. अण्णा बराच वेळ बोलले. दुभाष्यातला पुरुष शांत, स्वच्छ, पुस्तकी मराठीत सांगत होता, "आपल्या आईने आपल्याला दिलेली ही एकमेव वस्तू आहे. ती तू कोणाला देऊन टाकत आहेस?" मागे अण्णांचा खरा आवाज घोगरा झाला होता, थरथरत होता.

"कानात काही घातलं आहेस का?" त्यांनी अचानक विचारलं.

"हो, अण्णा."

त्यांनी फोन ठेवला.

*

पुढच्या आठवड्यात बाई आमझिरीला गेल्या. जे काही ठरवायचं ते सुकायला बघून ठरवू, असं त्यांच्या मनात होतं. तिसऱ्या दिवशी गावात गाडी आली आणि तिच्यातून प्रल्हादअण्णा उतरले. पांढरं धोतर, हातात पिशवी, तोंड ओढलेलं. पत्ता त्यांना नूतनने दिला होता.

"तुला घेऊन जायला आलोय," ते म्हणाले.

बाईंनी त्यांना पाणी दिलं. सुकायने त्यांना वर-खाली पाहिलं आणि निरवीत विचारलं, "हा रागावलेला कोण?"

"भाऊ माझा."

"तुझ्यासारखंच नाक आहे. याला झोपेत काय दिसतं, विचार."

बाईंनी विचारलं. असल्या प्रश्नाला अण्णा काय उत्तर देणार? पण एवढ्या लांबच्या प्रवासाने ते थकले होते आणि म्हातारी त्यांच्याकडे अशी बघत होती की टाळता येईना. अडखळत ते मराठीत म्हणाले, "छापखाना दिसतो. यंत्र चालू असतं. कागद बाहेर येत राहतात, सगळे कोरे."

बाईंनी ते निरवीत सांगितलं, स्वप्नाच्या शेवटासह. सुकाय विचारात पडली. मग म्हणाली, "कोरे का असतील? याला वाचता येत नसेल." आणि ती आपल्याच बोलण्यावर हसायला लागली. बाईंनाही हसू आवरेना. त्यांनी ते अण्णांना मराठीत सांगितलं, पण अण्णांना ते नीट कळलंच नाही, कारण दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात टेकून हसत होत्या. सुकाय पुढे आणखी काही म्हणाली, बाईंनी तिला काही सुनावलं, पुन्हा हसणं. अण्णा चारोळ्यांचं सूप मांडीवर घेऊन बसले होते, कोणीतरी त्यांच्या हातात ते दिलं होतं. बहिणीला असं हसताना त्यांनी अव्वा असताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

संध्याकाळी दोघं भावंडं गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत चालत गेली. पाणी थोडंच होतं.

"ती म्हातारी तुझ्याशिवाय कोणाशी बोलते?" अण्णांनी विचारलं.

"कोणाशीच नाही."

अण्णा काठावरच्या दगडावर बसले. मग म्हणाले, "कानडी बोलणारे कोटींनी आहेत. तू एक कमी झालीस म्हणून कानडीचं काही बिघडणार नाही. बिघडेल ते माझं. तुझ्याखेरीज अव्वाला आठवून बोलावं असं माझं कोणी उरलेलं नाही."

"म्हणूनच मी तिसऱ्या टप्प्याआधी थांबेन म्हणतेय, अण्णा."

"थांबू नको." त्यांनी धोतराचा सोगा सावरला. "आज मी राग घेऊन आलो होतो. पण तिचा चेहरा पाहिला. तिला सांगायचंय आणि ऐकणारी तू एकटी आहेस. मला सांगायचं असेल तर मी मराठीत सांगीन. वाईट बोलतो, पण बोलतो ना?"

बाईंनी त्यांच्या दंडाला धरलं. दोघं तशीच परत आली.

*

तिसरा टप्पा पावसाळ्यात झाला. त्या दिवसांतली दुपारची स्वप्नं बाईंना पुढेही आठवत राहिली. परसदार, मिरच्या आणि अव्वा होतीच, फक्त ती आता काही बोलत नसे. बाई तिच्याशी बोलायच्या, ती मान हलवून ऐकायची. एका दुपारी ती उठली, हात झटकले आणि आत गेली. बाई जाग्या झाल्या तेव्हा उशी ओली होती. नूतनने पडदा सरकवून खोलीत उजेड घेतला.

त्यानंतर दोनेक वर्षं सुकाय जगली. बाईंनी आमझिरीतच खोली घेतली होती. सकाळी चुलीपाशी दोघी स्वप्नं सांगायच्या आणि दिवसभर बाकीचं. मधमाश्यांच्या जाती, मेलेल्यांची नावं, शिव्या, नवऱ्याच्या खोड्या, सगळं. बाईंनी त्यातलं पुष्कळ मुद्रित केलं, पण पुष्कळ तसंच जाऊ दिलं, कारण काही बोलणी यंत्रासमोर होत नसत. शेवटी शेवटी सुकायला पाहिलेलं आणि स्वप्नातलं यांत फरक करता येईना. ती सगळंच तिसऱ्या शेवटाने सांगू लागली. बाईंनी ते कधी सुधारलं नाही.

सुकाय गेल्यावर नूतन आमझिरीला आली. संस्थेला आणखी चौघांना निरवी शिकवायची होती, त्याच पट्टीने, आता बाईंच्या आवाजावरून. बाईंनी नाही म्हटलं.

"ते तयार आहेत, बाई. संमती दिली आहे त्यांनी."

"डोक्यातली कोणती खोली रिकामी करायची संमती देतोय ते त्यांना कळत नाही, नूतन. मलाही कळलं नव्हतं. मी ही गोष्ट परत करीन का, तर करीन. पण दुसऱ्याला करा म्हणून सांगणार नाही." अंगणात सुकायच्या पणतवंडांचा खेळ चालला होता. बाई त्यांच्यात बसून रोज तासभर निरवीत बोलत, गाणी म्हणत, कोंबड्या हाकलत. मुलांना थोडं कळू लागलं होतं. "हे हळू होईल. कदाचित होणारही नाही. पण यात कोणाला काही रिकामं करावं लागत नाही."

उन्हाळ्यात बाई धारवाडला गेल्या. अण्णांनी त्यांच्यासाठी माळ्यावरची खोली झाडून ठेवली होती. कानडी शिकायची होती, जागेपणी, शिकतात तशी. नऊ भाषा शिकलेल्या बाईंना ही दहावी काही सोपी गेली नाही. वय झालं होतं आणि अण्णा कडक मास्तर निघाले. ते सकाळी ओसरीवर बसून वस्तूंकडे बोट दाखवायचे. बाई नाव सांगायच्या, चुकायच्या, पुन्हा सांगायच्या. शेजारच्यांना गंमत वाटायची.

एका सकाळी कुंपणावरून एक पक्षी भुर्रकन उडून गेला. अण्णांनी बोट केलं. बाईंनी घाईने शब्द जुळवले आणि म्हणाल्या, "अक्की हारितु."

अण्णांनी चष्मा काढला आणि ते तो पंच्याने पुसू लागले.

"चुकलं का?" बाईंनी विचारलं.

"हक्की म्हणजे पक्षी. अक्की म्हणजे तांदूळ. तू म्हणालीस, तांदूळ उडाला." ते चष्मा पुसतच राहिले. "तू एवढीशी होतीस तेव्हा अगदी हेच म्हणायचीस. हक्कीतला ह यायचा नाही तुला. अव्वा सारखी तुला पक्षी दाखवायची, पुन्हा म्हणायला लावायची आणि हसायची."

बाईंना यातलं काही आठवत नव्हतं. त्या भावाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मग?" त्या म्हणाल्या. "मला ह कोणी शिकवला?"

"मी," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि हाताचा तळवा बहिणीच्या तोंडासमोर धरला. "श्वास सोड. माझ्या हाताला लागला पाहिजे."